आठाचा चार

छापखान्यात शिरलेल्या माणसाचं आईबापांनी ठेवलेलं नाव फार दिवस टिकत नाही. या गोष्टीतला माणूस एका दैनिकात मुद्रितशोधक होता, म्हणजे सगळे ज्याला प्रूफरीडर म्हणतात तो, आणि अख्खी इमारत त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणायची. एक तर तो मानेतून थोडा पुढे वाकलेला होता. दुसरं म्हणजे बोलताना दर दोन-तीन शब्दांनी थांबायचा, पुढचा शब्द तपासायचा आणि मगच सोडायचा. "मला, वाटतं, की, आज, उशीर होईल," एवढं त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत समोरच्याला खरंच उशीर झालेला असायचा. नाव कोणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण त्याला ते आवडायचं. पूर्णविरामापेक्षा बरं, म्हणायचा.

तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे उतरत्या फळ्यांची चार टेबलं, प्रत्येकावर वाकवता येणारा दिवा, आणि भिंतीला लागून शब्दकोशांचं एक कपाट, ज्याचं दार अर्धंच उघडायचं. खिडकीजवळचं टेबल याचं. सकाळी अकरापासून तो लाल पेन घेऊन दुसऱ्यांची वाक्यं तपासत बसायचा. निधनवार्ता, निविदा, हवामान, बाजारभाव, हरवले-सापडले. बातमी वाचून त्याला कधी आनंद झाला नाही की दुःख झालं नाही, कारण तो बातमी वाचतच नसे. तो ऱ्हस्व-दीर्घ वाचायचा. एकदा राज्यकर्त्यांची अदलाबदल झाली तेव्हा घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं होतं, "आज, ‘शपथविधी’ तीन ठिकाणी, चुकला होता." कोणाचा शपथविधी, ते तिला शेजारणीकडून कळलं.

आणि शनिवारी घोड्यांच्या शर्यतींचं पान यायचं. त्या पानाची एक खोड होती, ती इथे नीट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं सगळं रामायण डोक्यावरून जाईल. शर्यतींचा तक्ता क्लबाकडून यायचा तो इंग्रजी आकड्यांत, आणि वर्तमानपत्रात छापायचा तो आपल्या आकड्यांत. बाकीचे आकडे सरळ उतरतात. पण इंग्रजी 8 दिसतो अगदी आपल्या ४ सारखा. अक्षरं जुळवणारा जुळारी दमलेला असला, की डोळ्याला दिसलेला आकार तसाच हातातून उतरतो आणि आठव्या नंबरचा घोडा चौथा होऊन बसतो. पूर्वी कुणीतरी ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतात, इथे दर शनिवारी आठाचा चार व्हायचा. ती चूक पकडण्यात स्वल्पविरामाचा हातखंडा होता. एकोणतीस वर्षांत एकदाही ती त्याच्या टेबलावरून पुढे गेली नव्हती. नवीन माणूस आला की तो त्याला आधी ही चूक दाखवायचा, आणि दाखवताना त्याचा चेहरा घरातली मौल्यवान वस्तू दाखवणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

रविवारी मात्र तो स्वतः शर्यतींना जायचा. बरोबर असायचा त्याच इमारतीतला लिफ्टवाला. हा गडी रागीट, बडबड्या आणि मनाने साफ. "वर-खाली होणं हा माझा धंदाच आहे, मला कसली हार-जीत!" असं म्हणायचा आणि हरला की पायऱ्यांवर टोपी आपटायचा. तो स्वप्नावर घोडा लावायचा. स्वप्नात पाणी दिसलं की निळ्या कपड्यांचा जॉकी, सासरा दिसला की सगळ्यांत म्हातारा घोडा. स्वल्पविराम त्याला समजावून समजावून थकला होता.

समजावण्याचा अधिकार त्याने फुकट मिळवला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी त्याचं स्वतःचं डोकं फिरलं होतं. एका रविवारी हरला, ते भरून काढायला पुढच्या शर्यतीत दुप्पट लावले, ते भरून काढायला पुढच्या रविवारी आणखी. सात आठवडे हे चाललं. सातव्या आठवड्यानंतर घरात शिवणयंत्र नव्हतं आणि बायकोच्या हातात बांगड्या नव्हत्या. बायको एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर कपडे घ्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं चहा सांडलाय, ही कापड नाकाशी नेऊन म्हणायची, "चहा नाही हो हा, औषध आहे. खरं सांगा, नाही तर डाग निघायचा नाही." अशा बाईपुढे तो काय लपवणार होता! तिने आरडाओरडा केला नाही. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी अट घातली.

अट अशी, की रविवारी जायचं ते खुशाल जा. सिनेमाच्या दोन तिकिटांएवढेच पैसे न्यायचे. एकच शर्यत, एकच घोडा. आणि तो घोडा का, ते आधी कागदावर लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मला वाचून दाखवायचं. "ज्या दिवशी कारण नसताना हात खिशात जाईल," ती म्हणाली होती, "त्या दिवशी शर्यत संपली. मग मी सांगणार नाही, तुम्हीच बंद करायची."

त्याने ती अट इतकी मनापासून पाळली, की काही वर्षांनी ती आपलीच कल्पना आहे असं त्याला वाटायला लागलं. नवऱ्यांचं असं होतं. तो लिफ्टवाल्याला ऐकवायचा, "निकाल, घोड्याचा असतो. कारण, आपलं असतं. कारण बरोबर असेल, तर हरूनही, डोकं जागेवर राहतं." कारण तो पेनानेच लिहायचा. पेन्सिलीने लिहिलं की मन खोडरबर घेऊन बसतं, असं त्याचं मत होतं. हरला तरी घरी येऊन नीट जेवायचा, जिंकला तरी तेवढंच जेवायचा. हिशेब मांडला तर बावीस वर्षांत तो थोडा तोट्यातच होता, पण त्याला त्याची खंत नव्हती. आठवड्याचे सहा दिवस तो दुसऱ्यांच्या चुका शोधत बसायचा. सातव्या दिवशी समोर एक अख्खं जनावर पळायचं, ज्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसायचं. रविवारच्या त्या तीन तासांसाठी तो उरलेला आठवडा काढायचा, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

तर त्या शनिवारी त्याने नेहमीप्रमाणे क्लबाचा तक्ता समोर ठेवून चिठ्ठी लिहिली. तिसरी शर्यत. घोडा ‘कोरा कागद’. कारण असं, की मागच्या तिन्ही वेळा शेवटच्या टप्प्यात पुढे येत होता, आज अंतर जास्त आहे, पाठीवर वजन कमी आहे आणि जॉकी घाई न करणारा आहे. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि मग घोड्यांच्या पानावरच्या दोन ठिकाणच्या आठांना लाल गोल करून तो घरी गेला.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. पायऱ्यांवर नेहमीची माणसं नेहमीच्या जागी होती. तिकिटाच्या खिडकीशी त्याने चिठ्ठी काढली, वाचली आणि नेहमीच्या संथपणाने म्हणाला, "तिसरी शर्यत, चार नंबर, एक." खिडकीतल्या बाईने तिकीट सरकवलं. लिफ्टवाल्याच्या स्वप्नात आदल्या रात्री विहीर आली होती, त्यामुळे त्याने निळा जॉकी धरला.

शर्यत सुटली. ‘कोरा कागद’चा जॉकी पांढऱ्या-हिरव्या कपड्यांत होता, स्वल्पविरामाने डोळ्याला दुर्बीण लावून त्याच्यावरून नजर हलवली नाही. घोडा मागेच राहिला. शेवटच्या वळणावर आता येईल, आता येईल म्हणेपर्यंत पाचवा आला. पहिला आला ‘उद्या बघू’ नावाचा एक तांबूस, लांब कानांचा घोडा, ज्याच्यावर एकाला चाळीस भाव होता आणि ज्याच्यावर मैदानात कुणीच पैसे लावलेले दिसत नव्हते. घोड्याचं असं नाव ठेवल्यावर तो जिंकेल हे मालकालाही पटलं नसावं.

"मेलं ते घोडं!" लिफ्टवाल्याने टोपी आपटली. "तुझा कागद कितवा?"

"पाचवा. पण, कारण बरोबर होतं. मैदान, जरा, कडक निघालं."

"कारणाचं लोणचं घाल तू. आण तुझं तिकीट इकडे, दोन्ही एकदम फाडतो."

हा लिफ्टवाल्याचा रिवाज होता. दोघांची हरलेली तिकिटं तो एकावर एक ठेवून फाडायचा, त्याने त्याचा राग उतरायचा. त्याने तिकिटं जुळवली, बोटांत धरली, आणि थांबला.

"अरे, हे काय? तुझ्या तिकिटावर चार आहे."

"हो. कोरा कागद. चार."

"कोरा कागद आठ होता, बाबा! चार म्हणजे तो लांब कानांचा!"

स्वल्पविरामाने तिकीट घेतलं. चार. खिशातून चिठ्ठी काढली. त्याच्याच वळणदार अक्षरात, त्याच्याच पेनाने लिहिलेलं होतं, ‘कोरा कागद (४)’. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांतली कुसळं वेचणाऱ्या माणसाला आपल्याच हातचं मुसळ दिसलं नव्हतं. तक्त्यावरचा इंग्रजी आठ त्याने तसाच्या तसा चिठ्ठीत उतरवला होता, दमलेल्या जुळाऱ्यासारखा.

लिफ्टवाला त्याला मिठी मारून नाचत होता. आजूबाजूचे लोक वळून बघत होते आणि आपल्यात एक असा शहाणा होता हे आपल्याला कसं कळलं नाही, म्हणून हळहळत होते. एका म्हाताऱ्याने तर जवळ येऊन विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं हो?" स्वल्पविराम म्हणाला, "मला, नाही सुचलं." म्हाताऱ्याला ते विनयाचं वाटलं.

पैसे त्याच्या महिन्याच्या पगाराएवढे झाले. ते घेऊन तो जिन्याखालच्या बाकावर बसला आणि त्याला काही केल्या कळेना, की आपल्याला आनंद झालाय की नाही. जिंकलं कोण? कारण तर हरलं होतं. कारण ज्याचं होतं तो घोडा पाचवा आला होता. म्हणजे आपण हरलो. पण मग हे पैसे कोणाचे? ते तर खिशात आहेत. म्हणजे जिंकलो. पण मी लावलेच नव्हते त्याच्यावर! पण लावले तर होतेच, तिकीट आहे ना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढंच झालं, हे त्याला समजत होतं. पण मग दुसरा विचार यायचा, आणि तो वाईट होता. बावीस वर्षं बरोबर कारणं लिहून जे मिळालं नाही, ते एका चुकीने दोन मिनिटांत दिलं. म्हणजे इतकी वर्षं आपण बरोबर होतो म्हणूनच हरत होतो की काय?

"आज चाराचा दिवस आहे," लिफ्टवाला कानाशी म्हणाला. "चौथी शर्यत लागतेय. चौथीत चार. सोडू नकोस लेका, नशीब दारात उभं आहे."

एरवी असल्या बोलण्यावर स्वल्पविरामाने त्याला पाव तास ऐकवलं असतं. आज तो बाकावरून उठला. पाय कसे वळले ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही, पण तो खिडकीच्या रांगेत उभा होता. खिशात पेन होतं, कोरी चिठ्ठीही होती. ती त्याने काढली नाही. जिंकलेल्यातले अर्धे पैसे मात्र मुठीत होते, आणि चार नंबरच्या घोड्याचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. पुढे तीन माणसं, मग दोन, मग एक. तो एक म्हणजे हॅटवाला एक जाडजूड गृहस्थ, त्याला घेतलेलं तिकीट बदलून हवं होतं. त्याचं आणि खिडकीतल्या बाईचं ‘हे नाही, ते द्या’ चाललं असताना घंटा झाली आणि खिडकीची झडप खाली आली.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटला तो राग. त्या हॅटवाल्याचा गळा धरावा असा, अंगातून सरसरत वर आलेला राग. स्वतःच्या त्या रागाची स्वल्पविरामाला इतकी भीती वाटली, की चौथी शर्यत न बघताच तो मैदानाबाहेर पडला आणि बस न पकडता घरापर्यंत चालत गेला.

चालताना त्याने एक गोष्ट ठरवली. चुकीचं सांगायचं, रांगेचं सांगायचं नाही. रांगेत काय झालं होतं? काहीच नाही. तिकीट घेतलं नाही, पैसे गेले नाहीत. जे छापलंच गेलं नाही त्याची दुरुस्ती कशाला द्यायची? आणि सांगितलं तर अट अटच होती. पुढच्या रविवारपासून दुपारी घरात बसून भिंती मोजायच्या. नको. एवढ्याशासाठी नको.

बायको टेबलाशी मटार सोलत होती. तो हातपाय धुऊन समोर बसला, चिठ्ठी काढली आणि नेहमीप्रमाणे वाचली. कोरा कागद, अंतर, वजन, जॉकी. ती नेहमीप्रमाणे मान हलवत राहिली.

"मग?" तिने विचारलं.

"घोडा, हरला."

"बरं. हात पुसा आणि जरा सोलू लागा."

तो शेंगांना हात लावेना. तिने वर बघितलं.

"घोडा हरला. आणि तुम्ही?"

"मी, जिंकलो."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग त्याने सांगितलं, आठाचं, चाराचं, फाडता फाडता वाचलेल्या तिकिटाचं, लगेच निघून चालत घरी आल्याचं, आणि पैसे टेबलावर ठेवले. तिला हसू आलं. पोटभर हसली. "तुम्ही! आठाचा चार, तुम्ही!" म्हणून डोळे पुसले. मग हसता हसता तीही गोंधळली.

"पण मग कारण होतं की नव्हतं?"

"तेच तर, मला कळत नाहीये. लिहिलेलं होतं. पण, ज्याच्यावर लागले, त्याचं नव्हतं."

"म्हणजे चूक झाली. चुकीला काय करणार! मी परवा एका बाईची शाल दुसरीला दिली, दोघींनाही कळलं नाही."

"पण, अटीप्रमाणे बघितलं तर,"

"अहो, अट मी घातलीये ना? मग घोडं कुठे पेंड खातंय?"

त्याला वाटलं, संपलं, निभावलं. त्याने मटाराची शेंग उचलली, उघडली, आणि दाणे टरफलांत टाकून टरफल भांड्यात ठेवलं. बायको ते बघत होती.

"अजून काय सांडलंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"अहो."

"खरंच, काही नाही."

तिने मटाराचं भांडं बाजूला सरकवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. तुमची ती कारणं मला बावीस वर्षांत एकदाही कळली नाहीत. वजन कमी म्हणजे बरं की वाईट, तेसुद्धा मला अजून ठाऊक नाही."

"मग, ऐकत काय होतीस?"

"तुमचा आवाज. तेव्हा, त्या सात आठवड्यांत, तुम्ही थांबत नव्हता बोलताना. भराभरा बोलायचात, एका दमात. नंतर पुन्हा थांबून थांबून बोलायला लागलात, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी दर रविवारी तेवढंच ऐकते, की माणूस थांबतोय का. कारण काय लिहिलंय त्याच्याशी मला काय करायचंय!"

बावीस वर्षं ज्याच्या भरवशावर तो उभा होता, ते त्या बाईच्या लेखी नुसतं निमित्त होतं. आणि तरी तिला सगळं कळत होतं.

"आणि, आज?" त्याने विचारलं.

"चिठ्ठी वाचलीत ती बरोबर वाचलीत. तिकिटाचंही ठीक होतं. पण पैसे मिळाल्यावर काय केलंत म्हणून विचारायच्या आधीच तुम्ही ‘मग मी लगेच निघालो आणि चालत आलो’ असं एका दमात म्हणालात."

त्यावर मात्र तो फुटला. रांग सांगितली, मुठीतले अर्धे पैसे सांगितले, नाव माहीत नसलेला घोडा सांगितला, हॅटवाला सांगितला. शेवटी तो रागही सांगितला.

"खिडकी बंद झाली नसती तर?"

"लावले असते."

"आणि हरला असतात तर?"

याचं उत्तर द्यायची गरज नव्हती, दोघांनीही एकदा ते बघितलेलं होतं. बायकोचे डोळे भरून आले, आणि आता ते हसण्याने भरले नव्हते.

"मी हा दिवस हरल्यावर येईल असं धरून बसले होते हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही हरून आलात की मी तुमच्याकडे नीट बघायची. जिंकून आलात की निर्धास्त असायची. जिंकण्यातून येईल असं मला कधी वाटलंच नाही."

"मग, संपलं म्हणायचं?"

"मला विचारू नका. मी नाही म्हटलं तर आयुष्यभर माझ्याकडे बघत बसाल. जा म्हटलं तर मला घास गिळणार नाही. मला कळत नाही काय म्हणावं ते."

त्या रात्री दोघं नीट जेवली नाहीत. पैसे टेबलावरच राहिले. ते उचलावेत तर वापरायचे कशाला, आणि टाकावेत तर टाकायचे कुठे, हे दोघांनाही ठरवता येईना, म्हणून सकाळी तिने त्यांच्यावर एक वाटी पालथी घातली.

सोमवारी शर्यतींच्या निकालांचं पान त्याच्या टेबलावर आलं. चौथ्या शर्यतीत चार नंबर कितवा आला, ते त्या पानावर होतं. त्याने पान उलटं धरलं, उठला आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवलं. शेजारचा म्हणाला, "काय हो, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "नाही." शेजाऱ्याने पान घेतलं आणि जास्त विचारलं नाही.

आठवडाभर लिफ्टमध्ये त्याचा सत्कार चालला होता. लिफ्टवाला प्रत्येक मजल्यावर आत येणाऱ्याला सांगायचा, "हेच ते! एकाला चाळीस!" जाहिरात विभागातल्या दोघांनी त्याला बाजूला घेऊन पुढच्या रविवारचा घोडा विचारला. मालकांचा ड्रायव्हर पहिल्यांदाच त्याला नमस्कार करून गेला. जो माणूस एकोणतीस वर्षं बरोबर होता त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि एकदा चुकला तर त्याच्यामागे रांग लागली. आपल्याला हे सगळं आवडतंय, हे त्याच्या लक्षात येत होतं. तेच सगळ्यांत वाईट होतं. बुधवारी त्याने स्वतःला सांगितलं, की एकदा पाय घसरला म्हणून कोणी चालायचं सोडतं का. गुरुवारी सांगितलं, की अट म्हणजे अट. शुक्रवारी त्याने ठरवलं, की जायचं पण पैसे न्यायचे नाहीत. शनिवारी ते त्यालाच हास्यास्पद वाटलं. बायको काही विचारत नव्हती. दुकानातून यायची, स्वयंपाक करायची, आणि मधूनच त्याच्याकडे बघून नजर काढून घ्यायची.

रविवारी बाराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी सरळ करून उभा होता.

"चल लवकर. मला रात्रभर स्वप्नात शब्दकोश दिसला, आज तू सांगशील तो घोडा."

"मी, येत नाही."

"तब्येत?"

"बरी आहे."

"वहिनी नको म्हणाल्या?"

"ती, काहीच म्हणाली नाही."

लिफ्टवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "हरलास तेव्हा आलास. पावसात भिजत आलास. एकदा ताप अंगात घेऊन आलास. आणि आता जिंकलास तर येत नाहीस?"

स्वल्पविराम दाराच्या चौकटीला हात धरून उभा राहिला. सांगायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, निकाल, कारण, डोकं जागेवर ठेवणं, आणि त्यातलं काहीच आज कामाचं वाटत नव्हतं.

"हरलो, की मला घरी यायचं असतं," तो म्हणाला. "त्या दिवशी, जिंकलो, आणि मला, घरी यायचं नव्हतं."

लिफ्टवाल्याला काही समजलं नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि एकटाच जिना उतरून गेला. स्वल्पविरामाने दार लावलं आणि वळला. बायको आतल्या खोलीच्या दारात उभी होती. आता दुपारचे तीन तास काय करायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.